छोट्या राज्यांचा मोठा कौल

दूरचित्रवाणीवरील गाण्यांच्या स्पर्धेचा निकाल लागला की मुंबईच्या उपनगरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मराठी गायक चांगला गातो, परीक्षकांची वाहवा मिळवतो; पण प्रेक्षकांच्या मतांत मागे पडतो. या तक्रारीला आकड्यांचा आधार आहे. 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वात मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजित सावंत विजेता ठरला. त्यानंतर २०२५ च्या अंतिम फेरीपर्यंत महाराष्ट्राच्या एकाही स्पर्धकाला हा मान मिळालेला नाही. लातूरचा रोहित राऊत २०२० मध्ये दुसरा आला, तर सायली कांबळे २०२१ मध्ये तिसरी. ज्या राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ कोटी २३ लाखांहून अधिक आहे आणि ज्याच्या राजधानीच्या उपनगरांत, अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यात, या उद्योगाचे स्टुडिओ उभे आहेत, त्या राज्याच्या वाट्याला हे यावे याचे आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र या निकालांची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. 'फेम गुरुकुल'मध्ये २००५ साली श्रीनगरचा काझी तौकीर संयुक्त विजेता ठरला. 'सारेगमप'च्या हिंदी स्पर्धेत फेब्रुवारी २००६ मध्ये आसामातील सिलचरच्या देबोजित साहाने बाजी मारली. सप्टेंबर २००७ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल हे दोघेच समोरासमोर होते. मार्च २००९ मध्ये त्रिपुराची सौरभी देबबर्मा जिंकली. मेघालयाची लोकसंख्या २०११ मध्ये ३० लाखांच्या आत, तर त्रिपुराची ३७ लाखांच्या आत होती. म्हणजे लोकसंख्येने सर्वात दुबळे असलेले प्रदेशच मतांच्या शर्यतीत बलाढ्य ठरले.

युरोपचा धडा

हा विरोधाभास समजून घेण्यासाठी युरोपकडे पाहणे उपयोगी ठरेल. १९५६ मध्ये सात देशांनिशी सुरू झालेल्या 'युरोव्हिजन' गीतस्पर्धेत छोट्या देशांना नियमांचेच दुहेरी संरक्षण आहे. पहिले म्हणजे, प्रत्येक सहभागी देशाच्या गुणांचे वजन सारखे. जर्मनीचे १२ गुण आणि सॅन मारिनोचे १२ गुण यांत फरक नाही. दुसरे म्हणजे, कोणत्याही देशाच्या प्रेक्षकाला स्वतःच्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही. त्यामुळे सात लाखांपेक्षा कमी वस्तीचा लक्झेंबर्ग ही स्पर्धा पाच वेळा जिंकू शकला. अर्थात त्या पाचही वेळा गायक वा गायिका बाहेरच्या देशातून आणलेली होती. १९९३ नंतर हा देश स्पर्धेबाहेर पडला आणि थेट २०२४ मध्ये परतला. माल्टा मात्र २००२ आणि २००५ मध्ये दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचूनही विजेतेपदापासून दूरच राहिला आहे.

तिथेही सारे सुरळीत नाही. दूरध्वनीवरील मतदान रूढ झाल्यावर शेजारी देश एकमेकांना मते देतात, स्थलांतरित आपल्या मायदेशाला मते देतात, असे आक्षेप वाढले. अखेर २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षकांना आणि प्रेक्षकांना निम्मे-निम्मे वजन देण्यात आले. महत्त्वाची गोष्ट ही की, स्पर्धेनंतर कोणत्या देशाने कोणाला किती गुण दिले, हे सर्वांसमोर मांडले जाते. वाद होतात, पण ते आकडे समोर ठेवून होतात.

एकच मतपेटी

आपल्याकडे या दोन्हींपैकी एकही संरक्षण नव्हते. संपूर्ण देशाची मतपेटी एकच, आणि आपल्या गावच्या मुलाला मत देण्यास मुभा. शिवाय एका व्यक्तीने एकच मत द्यावे, असेही बंधन नव्हते. अशा पद्धतीत वरकरणी मोठ्या राज्यांचीच सरशी व्हायला हवी. पण येथे डोकी मोजली जात नव्हती, संदेश मोजले जात होते. नेहमीपेक्षा महाग दराचा लघुसंदेश एकाने एकदा पाठवायचा की शंभरदा, हे त्याच्या तळमळीवर आणि खिशावर अवलंबून होते. २००७ च्या अंतिम फेरीत सुमारे सात कोटी मते पडल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. एवढे संदेश एकेका नागरिकाने एकेकदा पाठवलेले नसणार, हे उघड आहे.

दार्जिलिंगच्या डोंगरात त्या वर्षी वर्गण्या काढून मते पाठवली गेली. कोलकाता पोलीस दलातील एक शिपाई देशासमोर गात होता आणि नेपाळीभाषक भारतीयांना 'परके' समजणाऱ्यांना ते परस्पर उत्तर होते. शिलाँगमध्ये आदिवासी व बिगर-आदिवासी यांच्यातील जुना ताण असताना बंगालीभाषक अमित पॉलच्या मागे सारे शहर उभे राहिले. मुख्यमंत्री डी. डी. लपांग यांनी त्याला शांतता व सलोख्याचा राज्याचा सदिच्छादूत नेमले. बातम्यांत केवळ बंद, पूर आणि गोळीबारापुरते दिसणारे हे प्रदेश प्रथमच गाण्यासाठी दिसत होते. मत गायकाला होते, तसेच ते आपल्या अस्तित्वालाही होते.

या भावनेची धग किती होती, हे लगेचच दिसले. एका खासगी रेडिओ वाहिनीच्या निवेदकाने तमांगबद्दल केलेल्या हिणकस शेरेबाजीनंतर २८ सप्टेंबर २००७ रोजी सिलिगुडीत हिंसाचार उसळला. लष्कराला पाचारण करावे लागले. सुभाष घिशिंग यांच्याविरुद्धचा असंतोष आधीपासून होताच. तमांगसाठीच्या मोहिमेपासून ते दूर राहिले आणि त्यात पुढाकार घेणारे बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. गाण्याच्या स्पर्धेने ही चळवळ निर्माण केली नाही. पण तिला संघटनेचा सराव मात्र मिळवून दिला.

मराठी प्रेक्षकाचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर मराठी प्रेक्षकाची तक्रार तपासायला हवी. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास या नाट्यगृहांनी मराठी गाण्याला हक्काचा रसिक दिला. 'सारेगमप लिटल चॅम्प्स'च्या २००८-०९ च्या पर्वात कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, तेव्हा निकालाची चर्चा घराघरांत झाली. वर्ध्याच्या हिंगणघाटची वैशाली माडे २००९ मध्ये हिंदी 'सारेगमप'ची विजेती ठरली, हेही विसरता येत नाही. मराठी गायकाला ओळख मिळवण्यासाठी हिंदी वाहिनीवरील विजय हा एकमेव मार्ग नाही. ज्याच्याजवळ रंगमंच, चित्रपट आणि स्वतःच्या भाषेतील वाहिन्या आहेत, तो समाज एका स्पर्धेसाठी सर्वस्व पणाला लावत नाही. दार्जिलिंग वा आगरतळ्याजवळ दुसरी खिडकी नव्हती. म्हणून 'प्रादेशिक मतदान' म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

दोष द्यायचाच तर तो व्यवस्थेला द्यावा लागेल. प्रत्येक जादा संदेश हे उत्पन्न असल्याने अस्मिता चेतवण्यात वाहिनीचा आणि मोबाईल कंपन्यांचाही लाभ होता. वर्गणी काढणाऱ्या डोंगरी गावाचा पैसा मात्र परत आला नाही. लघुसंदेशाची जागा पुढे ॲपने घेतली. तरीही कोणत्या राज्यातून कोणाला किती मते पडली, परीक्षकांचे वजन किती, हे युरोपप्रमाणे निकालासोबत मांडण्याची प्रथा आपल्याकडे रुजली नाही. एका क्रमांकाला मोजकीच मते आणि राज्यनिहाय आकड्यांची जाहीर मांडणी, एवढे दोन नियम केले तरी निम्मे वाद मिटतील.

मराठी प्रेक्षकाने मागायचे ते हे. मुलुंडच्या मताइतकेच मोल शिलाँगच्या मताला असावे आणि दोन्हींचा हिशेब सर्वांना दिसावा. तो दिसला, तर आपला गायक हरला तरी तो का हरला हे कळेल आणि जिंकणाऱ्या छोट्या गावाच्या यशावर कोणी संशय घेणार नाही.