बॅटमॅन गरीब झाला, पण मराठी शिकला नाही

जीएसटी, उधारी, डेड स्टॉक या विषयांना आज सुट्टी. व्हिडिओत माझ्या मागे काउंटरच्या बाजूला जो छोटा रॅक दिसतो, त्यात वह्या-पेनांच्या शेजारी बॅटमॅन काय करतोय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. मला आवडतो. शाळेत असल्यापासून कॉमिक्स वाचतोय, बीबीएला असताना मार्केटिंगच्या पुस्तकात लपवून वाचली, आता दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा शटर अर्धं ओढून वाचतो. आणि गेल्या दोन वर्षांत सुपरहिरो कॉमिक्समध्ये जे काही आलंय, त्यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आधी ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’. डीसीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मालिका सुरू केली. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रगोटा. आपल्याला माहीत असलेला बॅटमॅन म्हणजे कोट्यधीश ब्रूस वेन. वाडा, गुहा, बटलर, दहा गाड्या. इथे हे सगळं काढून घेतलंय. वडील शाळामास्तर होते, एका गोळीबारात गेले. आई जिवंत आहे. ब्रूस स्वतः शहराच्या कामांवरचा इंजिनीअर. आल्फ्रेड बटलर नाही, गुप्तहेर आहे, आणि आधी याच्यावरच पाळत ठेवायला आलेला आहे. मग पैसा कोणाकडे? जोकरकडे!

मला ही कल्पना का आवडली ते सांगतो. जुन्या बॅटमॅनची अडचण आली की नवीन यंत्र यायचं. म्हणजे थोडक्यात भांडवल यायचं. या बॅटमॅनकडे तो रस्ता नाही. त्याच्या छातीवरचं वटवाघूळ काढलं की त्याची कुऱ्हाड होते, गाडी म्हणाल तर खडी वाहणाऱ्या डंपरसारखी अवाढव्य. शहर कसं बांधलंय हे त्याला माहीत आहे, कारण ते त्याचं रोजचं काम आहे. आणि दोस्त कोण? ऑस्वाल्ड, हार्वी, वेलन, एडवर्ड. मूळ गोष्टीत जे पुढे खलनायक होतात, तेच इथे लहानपणापासूनचे गल्लीतले मित्र. आता हे पुढे कोणत्या बाजूला जाणार या धाकधुकीतच निम्मी मजा आहे. श्रीमंत मित्राच्या पार्टनरशिपपेक्षा गल्लीतल्या मित्राची पार्टनरशिप जास्त टेन्शन देते, हे धंदा करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तक्रार एकच. रक्तपात फार. बेन येतो त्या भागात तर दोन पानं उलटून पुढे गेलो. शाळेच्या मुलाच्या हातात मी हे देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

दुसरं ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’, मार्व्हलचं, जानेवारी २०२४ पासूनचं. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तो. हे वाचताना मी खरंच दोनदा थांबलो. इथला पीटर पार्कर शाळकरी पोरगा नाही. तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. नोकरी ठीक चाललीय, घर ठीक चाललंय, पण आपल्याला काहीतरी वेगळं व्हायचं होतं ही टोचणी आत आहे. आणि त्या वयात त्याला ती ताकद मिळते. घ्यायची की नाही, बायकोला सांगायचं की नाही, पोरं झोपल्यावर बाहेर पडायचं का. नोकरी सोडून दुकान टाकायला निघालेल्या कितीतरी लोकांना मी ट्रेनिंगमध्ये भेटतो, त्यांचे चेहरे अगदी असेच असतात. यात अंकल बेन जिवंत आहेत. ते आणि खडूस संपादक जेमसन, दोघं मिळून म्हातारपणी नोकरी सोडतात आणि स्वतःचं वर्तमानपत्र काढतात. माझ्यासाठी पूर्ण मालिकेतली सगळ्यात भारी जोडी हीच. मारामारीची पानं भरभर उलटून मी या दोघांच्या गप्पांवर यायचो.

‘ॲब्सोल्यूट सुपरमॅन’ही चांगलं आहे, त्यात क्रिप्टॉनवरचं त्याचं घराणं कष्टकऱ्यांचं दाखवलंय. ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’ची चित्रं अप्रतिम. या दोन्हींवर जास्त लिहीत नाही, वाचून बघा.

आता जे आवडलं नाही ते. २०२५ मध्ये डीसी आणि मार्व्हल यांनी मिळून बॅटमॅन-डेडपूलचे दोन अंक काढले, एक मार्व्हलने आणि एक डीसीने. दोघांच्या नायकांची अशी भेट वीसेक वर्षांनी झाली, त्यामुळे गाजावाजा जबरदस्त. मला मात्र ते बाजारपेठेतल्या दोन मोठ्या दुकानांनी मिळून लावलेल्या सेलसारखं वाटलं. गर्दी झाली, फटाके वाजले, आणि दुसऱ्या दिवशी दोघं आपापल्या गल्ल्यावर. त्याहून मला खटकतात ती व्हेरिएंट कव्हरं. आतला अंक तोच, वरची वेष्टनं दहा, आणि संग्राहकाने दहाही घ्यायची. हा खेळ नव्वदच्या दशकात अमेरिकेत होऊन गेलाय. लोक वाचायला नाही, पुढे भाव येईल म्हणून अंक घ्यायला लागले, मग फुगा फुटला, दुकानं बंद पडली आणि १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे झालं तिकडचं. पण हे सगळं वाचताना एक गोष्ट मला सलते, आणि आजचा लेख खरं म्हणजे तिच्यासाठी आहे.

माझ्या मोठ्या काकांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे बाइंडिंग केलेले गठ्ठे होते. टाइम्सवाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली, आणि ती मराठीतही निघायची. त्यातला फँटम म्हणजे आपला वेताळ. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये काढलेलं पात्र, पण काकांना तो कधी परका वाटलाच नाही. वाटणार कसा? तो मराठी बोलायचा. त्याच इंद्रजालमध्ये १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर आला, जीन्सवर कुर्ता घालणारा आपला हिरो. काका अजूनही कवटीच्या अंगठीची गोष्ट सांगताना मूठ पुढे करून दाखवतात.

आमच्या वाट्याला राज कॉमिक्स आली. नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा. दिवसाच्या भाड्याने आणायची आणि उजाडायच्या आत वाचून संपवायची. डोगा तर मुंबईचा! कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईच्या गटारांतून फिरणारा. पण बोलायचा हिंदी. आम्ही वाचलं, हिंदी सुधारलं, तक्रार नाही. आज मात्र त्या गोष्टींचे जाड पुठ्ठ्याचे संग्राहक अंक निघतात आणि घेतं कोण? आम्हीच. पस्तिशी-चाळिशीतले. तीच गोष्ट मी तिसऱ्यांदा विकत घेतलीय. संस्थापक राजकुमार गुप्ता गेल्यानंतर तीन भावांच्या तीन वेगळ्या नावांखाली पुस्तकं येतात, त्यामुळे दुकानात आलेल्या पोराला नेमकं कुठून सुरू कर हे सांगताना माझीच त्रेधा उडते. जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा तेच विकायचं आणि दहा वर्षांचं नवीन गिऱ्हाईक करायचंच नाही, असा माझ्याकडे कोणी स्टुडंट आला असता तर मी त्याला चांगलं झापलं असतं.

बरं, मराठीत मागणी नाही असं म्हणावं तर २०२३ चा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा सिनेमा मराठीत डब होऊन आला होता. त्यात पवित्र प्रभाकर आहे, भारतीय स्पायडरमॅन. हे पात्र २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी कॉमिक्समध्ये आणलं, तेही मुंबईचं, धोतर नेसलेलं. पडद्यावर तो मराठीत बोलला. कागदावर मात्र मला तो इंग्रजीतच मिळाला. अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ बघा. नऊवारी नेसून भ्रष्ट लोकांना चोपणारी मुंबईची मावशी, याहून मराठी सुपरहिरो तो काय असणार? तीसुद्धा इंग्रजीत. मला कोणाला दोष द्यायचा नाही, छपाईचा खर्च आणि खप यांचं गणित मला कळतं. पण गणित जुळत नाही म्हणणं वेगळं आणि मांडून न बघणं वेगळं.

मी मांडून बघितलं. दोन वर्षांपूर्वी तो रॅक लावला. पुरवठादाराने माल दिला, पण न खपलेला परत घेणार नाही असं बजावून. अमेरिकेतला एक सुटा अंक चार डॉलर नव्याण्णव सेंटचा, म्हणजे आपले चारशेच्या वर. वीसेक पानांना इतके पैसे पनवेलमध्ये कोण देणार? म्हणून मी सुटे अंक ठेवलेच नाहीत. डीसीने २०२४ पासून लहान आकारात पूर्ण गोष्टीची स्वस्त पुस्तकं काढली, ती आणली, हिंदी राज कॉमिक्स आणली, टिंकल आणलं. सहा महिन्यांत टिंकल संपलं, बाकीचं तसंच पडून. बायको म्हणाली, त्या जागेत टिफिन आणि पाण्याच्या बाटल्या लाव, जूनमध्ये तेवढ्यात भाडं निघेल. तिचं बरोबर होतं. अर्धा रॅक बाटल्यांना गेला.

उरलेल्या अर्ध्यासमोर रोज शाळा सुटल्यावर एक सहावीतला मुलगा उभा राहायचा. स्पायडरमॅनचं एकच पुस्तक, रोज पाच-सात पानं. चित्रं बघायचा, बोट ठेवून इंग्रजी लावायचा, अडला की मला विचारायचा. एक दिवस म्हणाला, “काका, सिनेमा मराठीत होता ना, मग पुस्तक मराठीत का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला खोडरबर फुकट दिलं, जणू चूक माझीच होती.

त्यानंतर मी पुस्तकं भाड्याने द्यायला लागलो. हिशेब ऐका. चारशेचं पुस्तक, दिवसाला दहा रुपये, म्हणजे चाळीस फेऱ्यांनी पैसे वसूल. माझ्या अनुभवात तिसाव्या फेरीच्या आसपास शिवण सुटते. म्हणजे नफा शून्य, डिंकाचा खर्च वेगळा. व्यवसाय म्हणून मी हे कोणाला सुचवणार नाही. पण भाड्याने नेणारी पोरं वह्या माझ्याकडूनच घेतात, आणि महिन्याच्या वहीत ते स्वच्छ दिसतं.

आता मी एक वेगळी गोष्ट सुरू केलीय. पुस्तकात खाडाखोड करता येत नाही, म्हणून प्रत्येक पुस्तकासोबत एक दोनशे पानी वही जाते. ज्याला जमेल त्याने फुग्यातल्या वाक्याचं मराठी त्यात लिहायचं. पान नंबर, फुग्याचा नंबर, वाक्य. फक्त आमच्या वाचकांपुरतं, विकायला नाही. आत्तापर्यंत दोन पुस्तकांची वही पूर्ण झालीय आणि अक्षरं पाच जणांची आहेत. बॅटमॅन त्यात “ए, थांब तिथंच” म्हणतो. एका पोराने अल्फ्रेडला “अहो आजोबा” केलंय, ते मी खोडलेलं नाही. ‘कोर्ट ऑफ आउल्स’ नववीतल्या एका मुलीने नेलंय, वहीसकट. परत द्यायची तारीख उलटून चार दिवस झाले. फोन केला तर म्हणाली, “दादा, घुबडांचं गाणं यमकात बसत नाहीये, रविवारपर्यंत थांबा ना.”