फोटो कोणाचा, अब्रू कोणाची?

१८५० साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात रेंटी, डेलिया अशा गुलाम माणसांचे कपडे उतरवून फोटो काढले गेले. हार्वर्डचे शास्त्रज्ञ लुई अगासिझ यांना काळी माणसे जन्मतःच हलकी ठरवायची होती. इथे जे काम मनुस्मृतीने केले, ते तिथे 'विज्ञाना'ने केले!

फोटो आणि फिल्म या माध्यमांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंत कॅरी मे वीम्स यांनी १९९५-९६ मध्ये हेच फोटो मोठे केले, लाल रंगात रंगवले आणि वरच्या काचेवर त्या माणसांशी बोलणारे शब्द कोरले. मालकी सांगत हार्वर्डने खटल्याची धमकी दिली. वीम्स यांचे उत्तर होते: करा खटला, कोर्टातच बोलू. पुढे २०१९ मध्ये स्वतःला रेंटीची वंशज सांगणाऱ्या टमारा लॅनियर खरोखरच कोर्टात गेल्या. २०२५ मध्ये हार्वर्डला ते फोटो सोडावे लागले.

आता आपल्याकडे बघू. अत्याचार झाला की पीडितेच्या उघड्या देहाचा फोटो आपलेच कार्यकर्ते ग्रुपवर टाकतात. 'समाज पेटून उठावा म्हणून' हे समर्थन मीही एकेकाळी केले आहे. कोणी म्हणेल, वीम्स यांनीही ते फोटो दाखवलेच ना? दाखवले, पण बघणाऱ्याची नजरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करून. आपण नुसते फॉरवर्ड करतो. त्या मुलीच्या आईला विचारतो का?

मित्रांनो, फोटो दाखवायचाच तर ती हसत होती तेव्हाचा दाखवा, तोही घरच्यांना विचारून. स्वाभिमानाची चळवळ आपल्याच माणसाची अब्रू उघडी टाकून चालत नाही.

जय भीम!