परदेशचे निमंत्रण आणि तालीम

गेल्या महिन्यात बिदरला लागून असलेल्या मैलूर येथे माझ्या एका शिष्याच्या घरी उतरलो होतो. मुलगा तबला वाजवितो. देशोदेशीच्या वादकांनी सहा आठवडे एकत्र राहून नवे संगीत रचावे, असा एक उपक्रम परदेशात आहे. त्याचे निमंत्रण त्याला आले आहे. वडिलांनी पत्र पुढे ठेवून विचारले, “गुरुजी, पोराला पाठवावं का नको?”

पत्रात विमानभाडे होते, निवास होता, जलशांच्या तारखा होत्या. तालमीला दिवस किती आणि रचना कोणाच्या नावावर निघणार, याबद्दल मात्र अक्षर नव्हते.

मला आपल्या बडोद्याचे उदाहरण आठवले. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १९१० साली भावंडांसह अमेरिकेस गेले. ज्या निजामाच्या राज्यात तेव्हा बिदर होते, त्याने त्यांच्या गाण्याचा गौरव केला होता. पण १९११ साली रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या दौऱ्यात त्यांच्या वाट्याला नृत्यामागची साथ आली.

उलट, व्हायोलिनवादक मेन्यूहिन १९५२ साली भारतात आले, तेव्हा रविशंकरांशी त्यांचा स्नेह जमला. दोघे इंग्लंडातील बाथ महोत्सवात एकत्र बसले ते १९६६ साली. रविशंकरांनी तिलंगात बांधलेली ‘स्वर-काकली’ मेन्यूहिन यांनी शिकून घेतली व वाजविली.

परक्या संगताने आपले गाणे बाटते, असे म्हणणारे वडीलधारे आपल्यात आहेत. त्यांचा आदर राखून मी म्हणेन, मौलाबक्षांनीही दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत आत्मसात केले होते. धोका शिकण्यात नसून न शिकता एकत्र बसण्यात आहे. माझे वडील संस्थान विलीन होईपर्यंत दरबारात सारंगी वाजवीत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. नव्या गवयाच्या साथीला बसण्यापूर्वी ते चार दिवस त्याच्या घरी जाऊन नुसते ऐकत.

म्हणून मी सांगितले, “जरूर पाठवा, पण आधी दोन गोष्टी विचारा. तालमीचे दिवस किती, आणि रचनेवर सर्वांची नावे येतील का?” असे विचारल्याने संधी हातची जाऊही शकते, हेही लपविले नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दौत-टाक नव्हे, मुलाचाच मोबाईल त्याच्या हाती दिला आणि म्हणाले, “लिही.”

उत्तर अद्याप आलेले नाही. ज्या घरांत अशी निमंत्रणे येतात, त्यांनी हेच दोन प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती.