डिट्टो ओरिजिनल

बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाला बनावट नोट छापणाऱ्याबद्दल थोडा आदर असतो. गडी निदान मेहनत तरी घेतो. मला राग आहे तो दुसऱ्या जातीच्या नकलेचा, जी उजळ माथ्यानं, हमीपत्रासकट विकली जाते.

२०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ पदक मिळवलं आणि आमच्या भाच्याच्या अंगात नेमबाज संचारला. छऱ्याची बंदूक त्याच्या वडिलांनी घेऊन दिली. तिच्यावर बसवायची दुर्बीण मामाकडे लागली. मामा हे नातं मुळात अशाच कामांसाठी निर्माण झालेलं आहे.

नामांकित कंपनीची दुर्बीण माझ्या पगारात बसेना. ‘डिट्टो ओरिजिनल’ मात्र चौदाशे पन्नासला मिळाली. खोटं कशाला बोलू, खोकं उघडताच मी भाळलो. काळी कुळकुळीत, हाताला जड. अंगावर ३-९x४० असे भारदस्त आकडे, म्हणजे वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसणार आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. भिंगाला माणकाची लाली, आत लाल-हिरवा दिवा. कंपनीचं नावही तेच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. सहीत एक वेलांटी चुकली तर आम्ही चेक परत पाठवतो, पण त्या दिवशी मी घरी होतो.

गच्चीवर वाळूच्या खोक्याला कागद लावून आम्ही दहा मीटरवर बसलो. नऊपट केलं तर कागद धुक्यात गेला. डोळा जरा हलवला की फुली लक्ष्यावरून घसरायची. छर्रा पंधरा मिलिमीटर उजवीकडे लागत होता. चकतीवर लिहिलं होतं, एका टिचकीला शंभर यार्डांवर पाव इंच. दहा मीटरवर ते पाऊण मिलिमीटरच्या आत-बाहेर येतं. शेवटी मी कॉमर्सचा पदवीधर. वीस टिचक्या दिल्या. आवाज काय सुरेख! छर्रा जागचा हलला नाही. आणखी वीस. नाही. भाच्यानं वैतागून दुर्बिणीला टपली मारली, तसा पुढचा छर्रा कागद सोडून वाळूत. म्हणजे आतलं काहीतरी अडकून बसलं होतं, ते चाळीस टिचक्यांचा हिशेब एकदम चुकता करून मोकळं झालं. पंचविसाव्या छऱ्याला फुलीच आडवी झाली. स्प्रिंगच्या बंदुकीला झटका दुहेरी असतो, आधी मागे आणि मग पुढे. त्यापायी भल्याभल्या दुर्बिणी मोडतात, हे मला नंतर कळलं.

यावर ऑफिसातले मित्र म्हणतात, “अहो, एवढ्या पैशांत आणखी काय मिळणार?” हेच वाक्य मला बंद करायचं आहे. एवढ्या पैशांत दिवा मिळाला, माणकाचा रंग मिळाला, टिचक्यांचा आवाजसुद्धा मिळाला. डोळ्याला दिसतं आणि कानाला ऐकू येतं ते सगळं त्यांनी इमानानं उतरवलं. गाळलं ते एकच, लावलेलं जागेवर राहणं. अरे, ते दिव्याचे पैसे आतल्या स्प्रिंगला लावा! चारपटीचीच करा, पण न हलणारी करा. अर्थात तशी साधी नळी कोणी समोर ठेवली असती, तर मीच नाक मुरडून म्हणालो असतो, “हिला दिवा नाही?”

वर कळलं ते असं, की कुसाळेच्या त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. पदक मिळालं ते बारीक भोकातून नेम धरून.

आमच्याकडे एका व्यवहारात पाच बनावट नोटा निघाल्या की पोलिसांत एफआयआर जातो. इथं उलट एक वर्षाची हमी, आणि तीसुद्धा ‘काचेवर ओरखडा नसल्यास’. परवा मी ते खोकं माळ्यावर टाकण्याआधी लाल शाईनं त्यावर लिहिलं, ‘बनावट. जप्त.’ सही केली, तारीख घातली.

भाचा म्हणाला, “मामा, जप्त केलं की बँक पावती देते ना?”