"ते क्लासवाले बघतील ना": पायलट होऊ पाहणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी

परवा ओळखीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. मुलगी बारावी सायन्स झाली, पायलट व्हायचं म्हणते. ते म्हणाले, "ग्राउंड क्लासवाले अडीच लाख सांगतायत. सगळे विषय, पुस्तकं, क्वेश्चन बँक, सगळं पॅकेजमध्ये आलं. आज भरले तर सूट आहे. भरून टाकू का?"

मी विचारलं, मेडिकल झालं का? नाही. कॉम्प्युटर नंबर काढला? तो काय असतो? बरं, सिलॅबस तरी बघितलात? त्यावर त्यांचं उत्तर, "ते क्लासवाले बघतील ना."

ही पोस्ट या एका वाक्याबद्दल आहे. बारावीचे निकाल लागले की नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत असे शेकडो बाप "ते बघतील" म्हणून सही करून मोकळे होतात. कोणी एफडी मोडतं, कोणी वावर गहाण टाकतं. घरात साधा मिक्सर घ्यायचा तर चार दुकानं फिरणारी माणसं आपण. मुलीने पुढचं वर्षभर काय वाचायचं, कशातून वाचायचं, कोणत्या क्रमाने वाचायचं, हे मात्र ज्याला विकायचंय त्यालाच ठरवू देतो.

आधी साध्या गोष्टी, कारण त्या समोरच्या टेबलावरून कोणी सांगत नाही.

कमर्शियल पायलट लायसनसाठी डीजीसीएचे लेखी पेपर असतात: एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. शिवाय रेडिओवर बोलण्यासाठीची आरटीआर परीक्षा. लेखी पेपरला पासिंग ७० टक्क्यांना. प्रश्न पर्यायी, निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि मुख्य मुद्दा: या पेपरांना बसण्यासाठी कुठल्याही खासगी ग्राउंड क्लासची सक्ती नाही. स्वतः अभ्यास करून बसता येतं. "आमच्याकडे ॲडमिशन घेतल्याशिवाय बसता येत नाही" असं कोणी सांगितलं तर तिथून उठून घरी या.

दुसरी गोष्ट. फ्लाइंग स्कूलला डीजीसीएची मान्यता लागते. २०२५ मध्ये तर डीजीसीएने फ्लाइंग स्कूलची क्रमवारीही जाहीर केली, आणि त्या पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. म्हणजे जिथे सरकारचं लक्ष आहे तिथे ही परिस्थिती! मग जे ग्राउंड क्लास अशा कुठल्याच क्रमवारीत नाहीत, त्यांचं काय? दोन खोल्या, एक फळा, भिंतीवर विमानाचा फोटो, दारात गणवेश आणि खांद्यावर पट्ट्या घातलेली मुलं. झाली अकादमी. कोण शिकवतं, किती पास होतात, अर्ध्यात सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे विचारणारं कोणी नाही.

आता त्या पॅकेजच्या पोटात काय असतं ते बघू. बहुतेक ठिकाणी खरा माल एकच, क्वेश्चन बँक. आधी परीक्षेला बसलेल्या मुलांच्या आठवणीतून गोळा केलेले प्रश्न, झेरॉक्सची झेरॉक्स, काही उत्तरं चक्क चुकलेली. मुलं ती घोकतात. निगेटिव्ह मार्किंग नाहीच, त्यामुळे उरलेल्यांवर ठोकून देतात. सत्तर पडतात. क्लासच्या बाहेर फ्लेक्स लागतो.

यात वाईट काय, असं विचारणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं देतो.

नेव्हिगेशनमध्ये वन-इन-सिक्स्टी नावाचा नियम आहे. साठ मैल उडताना एक मैल बाजूला सरकलात तर चूक एका अंशाची. आता प्रश्न असा: ३० मैल उडाल्यावर विमान ठरलेल्या वाटेच्या २ मैल उजवीकडे आहे, चूक किती अंशांची? उत्तर ४. घोकलेल्या मुलाला "चार" लक्षात राहतं. परीक्षेत ३० च्या जागी ४० आले की उत्तर ३ होतं, आणि हा चारवरच टिक करून येतो. तेवढ्याने एक मार्क जाईल, ठीक आहे. पण हाच मुलगा उद्या गोंदियाहून एकटा क्रॉस-कंट्रीला निघणार आहे. खाली दिसणारी नदी वैनगंगा की बावनथडी, हे तिथे कुठलीच क्वेश्चन बँक सांगणार नाही.

दुसरं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४३ अंश. पुस्तकी प्रमाण वातावरणात त्या उंचीवर तापमान असायला हवं १३. फरक तीस अंशांचा. ढोबळ हिशेब असा की दर अंशाला सुमारे १२० फूट, म्हणजे ३६०० फूट वाढले. दाब नेहमीसारखा धरला तर विमानाला वाटतं आपण साडेचार हजार फुटांवर आहोत. हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, धाव लांब, चढण मंद. याला म्हणतात डेन्सिटी अल्टिट्यूड. परीक्षेत हा एका मार्काचा प्रश्न असतो. पण विदर्भातल्या धावपट्टीवर मे महिन्यात दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन निघताना तो एका मार्काचा राहत नाही.

"अहो, पण क्वेश्चन बँक सगळेच करतात." करतात, आणि करावीही. शेवटच्या तीन आठवड्यांत, वेळ लावून, आपण कुठे चुकतो ते शोधायला. एमपीएससीवाली पोरं जुने पेपर सोडवतात, ते याचसाठी. पण जुने पेपर म्हणजेच अभ्यास असं कोणी म्हटलं तर अभ्यासिकेतली पोरंच त्याला हसतील. आणि एक टोला डीजीसीएलाही: घोकून पास होता येत असेल, तर ते परीक्षा घेणाऱ्याचंही अपयश आहे.

"पण क्लास लावल्याने शिस्त लागते, शंका विचारता येतात." अगदी बरोबर. चांगले शिक्षक आहेत. आयुष्य हवाई दलात किंवा एअरलाइनमध्ये काढलेली माणसं मनापासून शिकवतात. ज्या मुलाला नेव्हिगेशन एकट्याने झेपत नाही, त्याने जरूर लावावा. माझं भांडण क्लासशी नाही. भांडण आहे ते डोळे मिटून घेतलेल्या पॅकेजशी. हवा तो विषय लावा, आधी दोन तास बसून बघा, मग पैसे द्या. सगळे विषय एकरकमी कशाला?

मग वाचायचं काय? सगळ्यात आधी डीजीसीएचा सिलॅबस. वेबसाइटवर फुकट आहे. तो छापून भिंतीला लावा. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की त्यातलं काय सिलॅबसमध्ये आहे यावर खुणा करा. ऑक्सफर्डचे जाडजूड खंड समजून घेण्यासाठी उत्तम, पण ते युरोपच्या परीक्षेसाठी लिहिलेत. त्यात तुम्हाला आपला मान्सून, वेस्टर्न डिस्टर्बन्स, काळबैशाखी हवी तशी सापडणार नाही. त्यासाठी आय. सी. जोशींचं मेटिऑरॉलॉजीचं पुस्तक मुलं वर्षानुवर्षं वापरतात. रेग्युलेशन्ससाठी आर. के. बालींचं. टेक्निकलचा पाया कच्चा असेल तर अमेरिकेच्या एफएएचं पायलट्स हँडबुक इंटरनेटवर फुकट मिळतं, इंग्रजी सोपं आहे, चित्रं सुंदर आहेत.

पुस्तक घेताना आवृत्तीचं वर्ष बघा. रेग्युलेशन्समध्ये तर नक्कीच. १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्ट जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. आरटीआर परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार खात्याकडे होती, ती याच कायद्याने डीजीसीएकडे आली. सेकंडहँड नोट्समध्ये अजून जुनंच लिहिलंय, आणि मुलं ते पाठ करतायत! नियम मूळ जागी वाचायची सवय लावा. एअरक्राफ्ट रूल्स आणि सीएआर डीजीसीएच्या साइटवर आहेत, एअरपोर्ट्स अथॉरिटीची एआयपी ऑनलाइन आहे. पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

टेक्निकल स्पेसिफिक हा पेपर एका ठरावीक विमानावर असतो. तुमचं फ्लाइंग स्कूल कोणतं विमान उडवतं हे कळल्याशिवाय त्याच्या नोट्स विकत घेऊच नका. पॅकेजमध्ये त्या आधीच टाकलेल्या असतात, कारण पॅकेज तुमच्यासाठी बनवलेलंच नसतं.

आता क्रम. इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

एक, मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन. रंगांधळेपणा किंवा आणखी काही निघायचं असेल तर पहिल्या महिन्यात निघू दे, क्लासची फी भरून झाल्यावर नको.

दोन, कॉम्प्युटर नंबर. त्यासाठी दहावी-बारावीच्या मार्कशीटची बोर्डाकडून पडताळणी लागते. यात वेळ जातो, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

तीन, अभ्यास. मेटिऑरॉलॉजी आणि नेव्हिगेशन जोडीने, कारण वारा समजल्याशिवाय ड्रिफ्ट समजत नाही. नेव्हिगेशनची गणितं रोज, हातात फ्लाइट कॉम्प्युटर घेऊन, एक दिवसही खाडा नाही. सकाळी चहाबरोबर पुणे आणि नागपूरचा मेटार वाचायचा, संध्याकाळी खरंच तसं हवामान होतं का ते बघायचं. टेक्निकल जनरल मधे. रेग्युलेशन्स परीक्षेच्या जवळ, कारण ते पाठांतराचं आहे आणि बदलतं. मन लावून रोज पाच-सहा तास बसणाऱ्याला सहा-आठ महिने पुरतात. निदान नेव्हिगेशन, मेट आणि रेग्युलेशन्स निघाल्याशिवाय फ्लाइंगचे मोठे हप्ते भरू नका.

का? कारण लायसनसाठी २०० तास उडावं लागतं आणि एकेका तासाला पाच आकडी रक्कम जाते. पेपर अडकलेला मुलगा स्कूलमध्ये पोहोचला की त्याची सर्कस सुरू होते. सकाळी उड्डाणाची वाट बघायची, रात्री नेव्हिगेशनचं पुस्तक उघडायचं, मग पेपरसाठी सुट्टी घ्यायची. तोवर हात विसरतो, परत आल्यावर तीच लँडिंग पुन्हा शिकायची, बापाच्या पैशाने. आणि लायसन मिळालं म्हणजे संपलं असंही नाही. एअरलाइन स्वतःची लेखी परीक्षा घेते, मुलाखत घेते. तिथे "का?" विचारतात. घोकलेल्याला "का?" येत नाही.

शेवटी मागण्या. रागावून थांबलो तर ही पोस्ट फुकट.

एक: ग्राउंड क्लासची नोंदणी सक्तीची करा, आणि किती बसले, किती पास झाले हे विषयवार जाहीर करायला लावा. फ्लाइंग स्कूलला क्रमवारी लावता येते तर यांना का नाही?

दोन: फी विषयवार आणि हप्त्याने, परताव्याची अट लेखी.

तीन: आपल्या राज्य सरकारला. बारामती, गोंदिया, नागपूर, धुळे, या गावांची नावं पायलट ट्रेनिंगच्या भाषणांत कौतुकाने घेता ना? मग प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात या पुस्तकांचा एकेक अद्ययावत संच ठेवा. दोन धावपट्ट्यांच्या डागडुजीच्या तुलनेत हा खर्च चहापाण्याचा आहे. गडचिरोलीच्या पोरीला सिलॅबस बघायला दिल्ली-मुंबईचा क्लास लागू नये.

त्या गृहस्थांना मी सांगितलं, आज काहीच भरू नका. मुलीला म्हणावं सिलॅबस छाप, मेडिकलची तारीख घे आणि महिनाभर मेटिऑरॉलॉजी स्वतः वाच. महिन्यानंतरही पुस्तक उघडावंसं वाटलं तर मग क्लासचं बघू. ते म्हणाले, "पण सूट आज रात्रीपर्यंतच आहे हो."

तीच सूट पुढच्या महिन्यातही असते, काका. मुलीचं वर्ष मात्र एकदाच असतं.

पटलं तर बारावीचं मूल घरात असलेल्या एका तरी माणसाला पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी सिलॅबस वाचून या.