सीमाभागानं आफ्रिका वाचावी

आफ्रिकेत चोपन्न देश आहेत. भूगोलाच्या तासाला मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. सहारा, नाईल, कांगोचं खोरं, किंबर्लीचे हिरे आणि परीक्षेला हमखास येणारा कोरा नकाशा. मुलं रेघा अचूक काढायची. त्या रेघांच्या आतली माणसं काय खातात, कशावरून भांडतात, नवरा गेल्यावर बाईचं काय होतं, यातलं अक्षरही पाठ्यपुस्तकात नसायचं.

निवृत्तीनंतर बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या माडीवर रविवारी दुपारी काही मैत्रिणी जमू लागल्या आणि आम्ही एक संकल्प सोडला. आफ्रिकेतल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं, आणि तेही त्याच देशाच्या लेखकाचं. लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन यांनी २०१२ या एका वर्षात जगातल्या १९६ देशांची पुस्तकं वाचली होती. आम्हाला तशी घाई नाही. बहुतेक पुस्तकं इंग्रजीतच मिळतात, म्हणून जिला इंग्रजी सराईतपणे येतं ती वाचते आणि बाकीच्यांना मराठीतून सांगते. ऐकणाऱ्या मध्येच अडवतात, प्रश्न विचारतात, आणि पुस्तक खऱ्या अर्थानं तिथंच उलगडतं.

हे वाचन पुण्या-मुंबईपेक्षा आपल्या बेळगाव-निपाणीकडे अधिक जोमानं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्यानं मारलेल्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे जगणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून तीन पिढ्या सीमाप्रश्न उशाशी घेऊन झोपल्या. आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवायला १८८४-८५ मध्ये युरोपातल्या सत्ता बर्लिनला बसल्या, तेव्हा त्या बैठकीत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. वसाहतवाद्यांनी तिथं जे केलं त्याची बरोबरी आपल्या प्रश्नाशी होऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण रेघेचं दुखणं ओळखीचं आहे.

नुरुद्दीन फाराह हे सोमाली लेखक. त्यांची 'मॅप्स' ही कादंबरी १९८६ ची. सोमाली बोलणारा समाज ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच आणि इथिओपिया यांच्यात विभागला गेला. त्यातला ओगादेन प्रांत इथिओपियाकडे राहिला आणि त्याच्यासाठी १९७७ मध्ये युद्ध पेटलं. कादंबरीतला अस्कर हा ओगादेनमधला अनाथ सोमाली मुलगा. त्याला पोटच्या पोरासारखं वाढवते मिस्रा, आणि ती आहे इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातली, दुसऱ्या भाषेची बाई. पुढे अस्कर मोगादिशूला मामाकडे जातो, भिंतीवर नकाशे लावतो, लढ्याची स्वप्नं पाहू लागतो. मग मिस्रावर फितुरीचा आरोप येतो आणि तिचा खून होतो. जिनं भरवलं-न्हाऊ घातलं ती आपली की शत्रूची, हा प्रश्न त्या मुलाला आतून पोखरतो.

माझ्या मुलांना शेजारच्या अक्कांनी वाढवलं. मी शाळेत आणि त्या घरी. कन्नड हेल काढून मराठी बोलायच्या आणि मुलांना निजवताना कन्नडमध्ये गायच्या. बाजार बंद, गल्लीच्या तोंडाशी पोलीस, अशा दिवसांतही माझं धाकटं त्यांच्याच कडेवर असायचं. त्यामुळे मिस्राचा शेवट सांगताना माझा कंठ दाटून आला. आमच्यातली एक जण तरुणपणापासून सीमाप्रश्नाचा एकही मोर्चा न चुकवलेली. ती म्हणाली, "मोर्चाला मी उद्याही जाणार. पण मिस्राचं झालं ते आपल्या गल्लीत कुणाचं होऊ द्यायचं नाही." हक्कही सोडायचा नाही आणि माणूसही सोडायचं नाही, हे इतक्या थेट शब्दांत मी कुठल्याही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही. सोमालियाच्या एका कादंबरीनं ते आमच्या तोंडून वदवून घेतलं.

सेनेगलच्या मारियामा बा यांचं 'सो लाँग अ लेटर' हे फ्रेंचमध्ये १९७९ साली आलेलं छोटंसं पुस्तक. नवरा वारल्यावर सुतकात बसलेली रामातुलाय मैत्रिणीला पत्र लिहिते. ती शाळामास्तरीण, बारा लेकरांची आई. नवऱ्यानं उतारवयात स्वतःच्या मुलीच्या मैत्रिणीशी दुसरा संसार थाटला होता. अंत्यविधीच्या दिवशी दोन्ही बायकांना शेजारी-शेजारी बसवतात आणि नणंदा दोघींचे केस सोडतात. तीस वर्षांचा संसार आणि पाच वर्षांचा संसार, दोन्हींना एकच माप. हे वाचलं तेव्हा हेरवाडचा विषय निघणारच होता. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. एकीनं हळूच विचारलं, सेनेगलमध्ये असा ठराव झाला असेल का? दुसरीनं विचारलं, आपल्या गल्लीत झालाय का?

निपाणीचं माहेर असलेल्या मैत्रिणीला मलावीच्या विल्यम कामक्वांबाचं पुस्तक फार जवळचं वाटलं. मलावी तंबाखूवर जगणारा देश, आणि विल्यमच्या घरीही मका आणि थोडी तंबाखू. २००१-०२ च्या दुष्काळात फी भरायला पैसे नाहीत म्हणून त्याची शाळा सुटली. मग गावच्या शाळेतल्या लहानशा ग्रंथालयात सापडलेल्या विज्ञानाच्या पुस्तकातली चित्रं पाहून त्यानं सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीचे वासे जोडून पवनचक्की उभी केली. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये निपाणीचा रस्ता रोखून धरलेल्या शेतकऱ्यांच्या घरी हे पुस्तक गेलं पाहिजे.

आणि केनियाचे न्गूगी वा थिओंगो. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, पण आपल्याकडे त्याची म्हणावी तशी दखलही घेतली गेली नाही. लोकांच्या भाषेत नाटक बसवलं म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं, तर तिथं त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयु भाषेत कादंबरी लिहिली. इंग्रजीत नाव कमावलेला लेखक आईच्या भाषेकडे परत आला. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून झटणाऱ्या प्रत्येकानं त्यांचं 'डिकॉलनायझिंग द माइंड' वाचावं. ते मराठीत यावं आणि ते काम सीमाभागातल्या कुणीतरी करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आफ्रिका तशी फार लांबही नाही. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेले आणि १९६५ मध्ये नैरोबीत गोळ्या घालून मारले गेलेले पिओ गामा पिंटो हे गोव्याच्या कुळातले. ते शिकले आपल्या धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. आणि खानापूर तालुक्याच्या जंगलात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. कोकणी-मराठी बोलतात. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २०२० साल उजाडलं. इतक्या पिढ्या इथं राहूनही बेळगावच्या बाजारात त्यांना अजून विचारलं जातं, तुम्ही कुठले?

माझी मागणी साधी आहे. आपल्याकडे १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं आणि गावोगावच्या वाचनालयांत आफ्रिकेच्या पुस्तकांचं एक वेगळं कपाट व्हावं. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी इथं दर हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात, मांडव गच्च भरतो. यंदा त्यातल्या एका तरी संमेलनानं एक सत्र आफ्रिकी साहित्याला द्यावं आणि त्या सत्रात बोलायला खानापूरच्या एखाद्या शिकलेल्या सिद्दी मुलीला सन्मानानं बोलवावं. पुस्तकं निवडायला आणि मराठीत सांगायला आम्ही माडीवरच्या सगळ्याजणी तयार आहोत. आता मोझांबिकच्या पाउलिना चिझियाने वाचायला घेतल्या आहेत.