चैत्रांगण आजींच्या हातचे

चैत्र हे नाव चित्रा नक्षत्रावरून आले. या मासात अंगणेही चित्रांनी सजतात, हा योग मोठा मधुर आहे. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत दारी चैत्रांगण रेखाटले जाते : शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, कासव, तुळशीवृंदावन, चंद्रसूर्य. हल्ली त्या जागी छापील स्टिकर येतात आणि ही चिन्हे ज्यांना मुखोद्गत, त्या आजींना ‘आता विश्रांती घ्या’ म्हणून बाजूस बसविले जाते.

१९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी तरुण वयात सोसला, त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे हात असे रिकामे ठेवणे, यास मी सेवा मानीत नाही.

खाली बसवत नसेल तर खुर्चीपुढे मेजावर पाट ठेवावा, तो गेरूने सारवावा आणि रांगोळी हाती द्यावी. आजोबांनी सुतळीत आंब्याची पाने ओवून तोरण करावे. नजर मंदावली असल्यास कापसाच्या वाती वळाव्यात. त्यास बोटांचा सराव पुरतो. नातवंडांनी शेजारी बसून प्रत्येक चिन्हाचा अर्थ विचारावा. रेघ थरथरली तरी कोणी ती पुसून सुधारू नये. गौरीला ती तशीच प्रिय आहे.